सोडून जाणाऱ्यांचा हिशेब : एक प्रस्तावना

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर, बाहुबलीच्या पायाशी, मराठीतला एक फार जुना लेख कोरलेला आहे. चावुंडराजाने मूर्ती करवली आणि गंगराजाने तिच्या भोवतालचा प्राकार करवला, एवढाच त्याचा आशय. तो 983 चा मानावा की गंगराजाच्या काळातला, म्हणजे 1117 च्या सुमाराचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. अक्षीचा 1012 चा शिलालेख पुढे आल्यापासून त्याचे पहिलेपणाचे बिरुदही डळमळले. आमच्या पिढीने मात्र तो मराठीचे पहिले वाक्य म्हणून शाळेत घोकला. ते वाक्य कोणाच्या पायाशी आहे, हे तेव्हा कोणी समजावून सांगितले नाही. (हे जुन्या म्हैसूर संस्थानातले, आज हासन जिल्ह्यात असलेले, श्रमणांचे बेळगोळ.)

ज्याने सगळे सोडले त्याच्या पायाशी कोणी काय करवले याची नोंद, आणि ती आपल्या भाषेत. मराठीतल्या विरक्तीच्या आणि उदासीच्या लेखनाचा हा संग्रह करताना ही विसंगती मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

बाहुबलीची कथा महाराष्ट्रातल्या जैन घरांबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांच्या मुलांपैकी दोघे, भरत आणि बाहुबली. राज्यावरून दोघांत युद्ध ओढवते. सैन्ये कापली जाऊ नयेत म्हणून दोघांनीच भिडावे असे ठरते. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध, तिन्ही बाहुबली जिंकतो. थोरल्या भावाला त्याने उचलून धरलेले असते आणि त्या क्षणी त्याला सगळ्याचा वीट येतो. हरलेल्याला आलेली विरक्ती समजण्यासारखी असते; हा वीट जिंकलेल्याला आलेला आहे. राज्य भरताला देऊन तो वर्षभर उभा राहतो, अंगावर वेली चढतात, पायाशी वारुळे वाढतात, तरी केवलज्ञान होत नाही. मनात एक शल्य उरलेले असते : आपण उभे आहोत ती जमीन अजून भरताचीच आहे. दिगंबर परंपरेत या शल्याचे वर्णन थोडे वेगवेगळे येते, श्वेतांबरांची कथा तर त्याच्या अहंकाराकडे बोट दाखवते. पण प्रचलित कथेत भरत स्वतः येऊन वंदन करतो तेव्हाच ते शल्य निघते. ज्याला सोडून यायचे होते तोच माणूस यावा लागतो.

मराठीतले या विषयावरचे उत्तम लेखन याच शल्याच्या जागेवर उभे आहे, असे माझे म्हणणे आहे. जगाला कंटाळलेला मराठी लेखक क्वचितच जगाकडे पाठ फिरवून लिहितो. तो कोणाशी तरी बोलत असतो, देवाशी, बापाशी, मेलेल्या बहिणीशी, आणि देण्याघेण्याचा हिशेब मांडत असतो. तो हिशेब कधी मिटत नाही, आणि मिटला असता तर ही पानेही लिहिली गेली नसती.

बेळगोळची दुसरी टेकडी चंद्रगिरी. जैन आचार्य भद्रबाहूंबरोबर दक्षिणेत आलेल्या चंद्रगुप्त मौर्याने इथे अन्नत्याग करून देह ठेवला, ही परंपरा तिच्या नावातच आहे. बेळगोळच्या परिसरात पाचशेहून अधिक शिलालेख आहेत आणि चंद्रगिरीवरच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी अनेक सल्लेखनेच्या, म्हणजे व्रत म्हणून स्वीकारलेल्या मरणाच्या, नोंदी आहेत. नंदिसेन नावाच्या मुनींच्या जुन्या कन्नड लेखात रूप, भोग, वैभव यांची इंद्रधनुष्य, वीज आणि दहिवर यांच्याशी बरोबरी केली आहे. कन्नड कवितेच्या इतिहासकारांना हा लेख फार प्रिय आहे. मला त्याहून अस्वस्थ करतो तो 982 चा लेख. राष्ट्रकूटांचे राज्य बुडाल्यावर त्या घराण्यातला शेवटचा दावेदार, चौथा इंद्रराज, इथे येऊन उपोषणाने मेला. ज्या घराण्याने वेरुळचे कैलास लेणे खोदवले त्याचा हा शेवट. पण त्याच्या मृत्युलेखाचा मोठा भाग चेंडूच्या खेळातल्या त्याच्या कौशल्याची वाखाणणी करण्यात गेला आहे. राज्याबद्दल फार बोलण्यासारखे राहिले नव्हते, खेळाबद्दल होते.

सल्लेखना आणि निराशा एक समजू नये. जैन आचार्यांनी हा भेद काटेकोर राखला आहे : क्रोध, शोक, भय यांच्या भरात घेतलेले मरण सल्लेखनेत बसतच नाही. 1955 साली आचार्य शांतिसागरांनी कुंथलगिरीवर देह ठेवला तेव्हा महाराष्ट्राने हे जवळून पाहिले. ऑगस्ट 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रताला आत्महत्येच्या कायद्यात आणले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कायद्याला जो भेद अवघड जातो तो साहित्यालाही सोपा जात नाही. वैराग्याला पुढचा मुक्काम ठाऊक असतो. उदासीला तो ठाऊक नसतो, आणि बहुतेक चांगल्या लेखकांनी आयुष्यभर या दोहोंमध्ये येरझारा घातल्या आहेत.

जुन्या काव्यशास्त्राला ही येरझार ठाऊक होती. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आणि यादीच्या सुरुवातीलाच निर्वेद ठेवला. अमंगळ शब्द मंगलस्थानी कसा, असा प्रश्न पुढच्यांना पडला. मम्मटाचे उत्तर मार्मिक आहे : निर्वेद येता-जाता भाव आहेच, पण तो स्थायीही होऊ शकतो, आणि तसा झाला की शांत हा नववा रस होतो. म्हणजे कंटाळा एका संध्याकाळपुरताही असतो आणि जन्माचाही. भर्तृहरीने जन्माचा कंटाळा शतकात बांधला, आणि वामन पंडितांनी त्याची शतके मराठीत आणल्यामुळे तो कीर्तनकारांच्या तोंडी गेला. गीतेची सुरुवातही विषादापासून होते, हे आपण इतक्या वेळा ऐकतो की पहिला अध्याय घाईने ओलांडून दुसऱ्यावर जातो.

युरोपचा नकाशा वेगळा आहे. ग्रीक वैद्यांनी खिन्नतेचा दोष काळ्या पित्तावर ठेवला, वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूंनी दुपारी येणाऱ्या मरगळीला भूत म्हटले, रॉबर्ट बर्टनने 1621 मध्ये या विषयावर एक अवाढव्य ग्रंथ लिहिला. 1774 मध्ये गटेच्या वेर्थरने तरुणांना दुःखाची फॅशन दिली, बायरनने तिला ऐट दिली, बोदलेरने तिला पॅरिसच्या रस्त्यावर आणले. रशियनांनी आपल्या कादंबऱ्यांत फालतू ठरलेला सुशिक्षित माणूस उभा केला. फ्रॉइडने 1917 मध्ये शोक आणि खिन्नता यांत फरक केला : शोकात काय गेले ते कळते, खिन्नतेत कळत नाही. यांतले पुष्कळसे इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले, ही गोष्ट खरी. तेवढ्यावरून आधुनिक मराठीतली उदासी उसनी आहे असा निष्कर्ष काढणाऱ्या टीकेशी मात्र माझे जमत नाही. उसनी गोष्ट इतकी अंगाला बसत नाही.

मराठीत ही वाट महानुभावांपासून सुरू होते. चक्रधरांनी शिष्यांना एकांत आणि भटकंती सांगितली, नात्यांचा पाश तोडायला सांगितले. ते स्वतः उत्तरापंथे गेले आणि मागे राहिलेली माणसे रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्यापाशी गोळा होऊन चक्रधरांच्या एकेका लीळेची आठवण काढत बसली. 'लीळाचरित्र' हा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ विरक्तीचा उपदेश करणारा आहे खरा. तो लिहिला गेला विरहातून. आसक्ती नको म्हणणाऱ्या गुरूने काय खाल्ले, कुठे बसले, कोणाला काय म्हणाले, हे सगळे शिष्यांनी आसक्तीने टिपले.

ज्ञानेश्वरांच्या समाधीचे नामदेवांच्या नावावरचे अभंग याच जातीचे आहेत. आळंदीला 1296 मध्ये जे घडले ते मोक्षाच्या दृष्टीने शुभ होते. तरी त्या अभंगांत थोरले बंधू आणि गुरू असलेले निवृत्तिनाथही खचतात. तत्त्वज्ञान ज्यांनी शिकवले त्यांनाच ते पुरत नाही, आणि वारकरी परंपरेने ही गोष्ट लपवली नाही, हे मला मोठे वाटते.

तुकारामांपाशी थोडे थांबले पाहिजे. देहूचा वाणी, घरात महाजनकी. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात दुकान बुडाले, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. भंडाऱ्याच्या डोंगरावरचा एकांत त्यानंतरचा. परंपरा सांगते की त्यांनी भावाशी कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. चरित्रकारांना या प्रसंगात त्याग दिसतो. मला त्याआधीची वाटणी दिसते. भावाचा हिस्सा भावाला दिला आणि मगच आपला बुडवला. कवी म्हणूनही ते असेच वागले. देवाला ऋणको ठरवणे, त्याच्याकडे तगादा लावणे, त्याचे दिवाळे काढणे, ही भाषा दुकान चालवलेल्या माणसाची आहे. प्रपंचाचा वीट आलेल्या कवीने प्रपंचाचीच भाषा टाकली नाही, आणि म्हणून त्यांची निराशा चारशे वर्षांनी वाचतानाही अंगावर येते. रामदासांची 'करुणाष्टके' तेवढी उघडी नाहीत. तिथे उदास होणे हीच एक साधना आहे आणि रामदास साधनेत शिस्त पाळतात.

याच काळात आणि नंतरही पहाटेच्या अंधारात जात्यावर बायका ओव्या गात होत्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवासाचा, बाईच्या जन्माचाच कंटाळा जागोजाग आहे, तोही माहेरच्या कोणाला तरी सांगितलेला. या ओव्यांना साहित्याच्या इतिहासात वेगळे दालन देण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. संन्यास घेण्याची सोय ज्यांना नव्हती त्यांनी कंटाळ्याचे काय केले, हे कळायला दुसरे साधन नाही. इथे त्या तुकारामांच्या लगेच पुढे येतात.

आधुनिक कवितेत केशवसुतांनी 'सतारीचे बोल'मध्ये काळोख्या मनःस्थितीत रस्त्याने जाणारा माणूस आणला. त्याचे दुःख देवाला सांगण्याजोगे नाही, त्याला कारणही धड नाही. पुढे बालकवींनी 'उदासीनता' या कवितेत हे कारण नसणेच विषय केले. फ्रॉइडचा निबंध येण्यापूर्वी किंवा त्याच सुमारास, खानदेशातल्या एका तरुणाला हा फरक आपला आपण कळला होता. 'औदुंबर'च्या आठ ओळींवर मराठी समीक्षेने इतके लिहिले आहे की मी त्यात भर घालणार नाही. रविकिरण मंडळाच्या दिवसांत माधव जूलियनांनी उमर खय्याम थेट फारसीतून आणला, तेव्हा प्याला आणि क्षणभंगुरता घरोघर पोचली. त्यातले थोडेच आज टिकले आहे.

खरा सांधा बदलला तो मर्ढेकरांनी. 1947 साली 'काही कविता' आला. महायुद्ध संपलेले, मुंबई गिरण्यांच्या आणि लोकलच्या वेळापत्रकावर चालणारी, आणि हा कवी मेलेल्या उंदरांवर आणि मुंग्यांसारख्या माणसांवर लिहितो. लोकांना त्यात दुर्बोधता दिसली, अश्लीलता दिसली, खटलाही झाला आणि कवी निर्दोष सुटला. छंदाकडे मात्र उशिरा लक्ष गेले. यंत्रयुगातला हा कंटाळा ओवीत आणि अभंगात लिहिलेला आहे. ज्या साच्यात तुकाराम देवाशी भांडले तोच साचा, समोरचा देव मात्र जागेवर आहे की नाही याची खात्री नाही. हिशेब मांडायचा, पण कोणापुढे, हा पेच मर्ढेकरांनी मराठीला दिला आणि पुढची पन्नास वर्षे आपण त्यावर लिहीत राहिलो.

त्यांच्यानंतर ढोबळ तीन वाटा दिसतात. त्या शाळा म्हणण्याइतक्या पक्क्या नाहीत. एक आरती प्रभू आणि ग्रेस यांची : दुःखाला संगीत आणि प्रतिमा देणारी. कुडाळात खाणावळ चालवलेल्या खानोलकरांच्या, म्हणजे आरती प्रभूंच्या, कवितेत ही प्रतिमा मातीतून येते; 'संध्याकाळच्या कविता'नंतरच्या ग्रेसमध्ये ती कधीकधी स्वतःवरच भाळते, असे माझे मत आहे, आणि ते अनेक वाचकांना रुचणार नाही. दुसरी वाट कादंबरीची. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (1939) युरोपातून निघालेल्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू आहेत आणि जगावरचा विश्वास उडालेला मराठी नायक आहे. त्याचे नाव चक्रधर. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (1963) तर महानुभावी गद्याची लय उघडच आहे. पांडुरंग सांगवीकराला पुणे, शिक्षण, करिअर सगळे निरर्थक वाटते, पण बापाच्या पैशांचे ओझे आणि धाकट्या बहिणीचे, मनीचे, मरण ही दोन खाती त्याला बंद करता येत नाहीत. तो घर सोडतो आणि शेवटी गावालाच परततो. परात्मतेच्या पाश्चात्त्य कादंबऱ्यांशी तुलना करणाऱ्यांनी या परतीकडे दुर्लक्ष केले.

तिसरी वाट सीमेवरची, आणि इथे आपण बेळगोळच्या दिशेने पुन्हा सरकतो. केशवसुत शेवटी धारवाडला शिक्षक होते आणि 1905 मध्ये हुबळीला प्लेगने गेले. जी. ए. कुलकर्णी बेळगाव भागात वाढले आणि धारवाडच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. इंदिरा संत बेळगावच्या. कमल देसाई यमकनमर्डीच्या. मराठीतले सर्वांत गडद लेखन मराठीच्या दक्षिण काठावर व्हावे, हा योगायोग असेलही. पण ज्या मुलखात निसिदीचे, म्हणजे सल्लेखनेने गेलेल्यांच्या स्मृतीचे, दगड आणि वीरगळ शेतात उभे असतात, बाजारात दोन भाषा चालतात आणि पुण्या-मुंबईची साहित्यिक वर्दळ पोचत नाही, तिथे लेखकाला स्वतःपाशी बसायला जास्त वेळ मिळत असावा. इंदिरा संतांचे पती 1946 मध्ये गेले. त्यानंतरच्या संग्रहांत, 'शेला'पासून 'गर्भरेशीम'पर्यंत, गेलेल्या माणसाशी चाललेले बोलणे संपत नाही, आणि आवाज कधी चढतही नाही. जी.एं.च्या 'काजळमाया' आणि 'पिंगळावेळ'मधली माणसे उत्तर शोधायला निघतात, वाटेत कोणी संन्यासी किंवा आंधळा भेटतो, आणि जे हाती येते ते मोक्षाच्या बाजूचे नसते. नियतीसमोर माणूस हरतो, हे जी.एं.विषयी नेहमीचे विधान. मला त्यांच्या कथांत आणखी एक गोष्ट दिसते : हरणाऱ्याच्या खिशात घरची एखादी क्षुल्लक वस्तू असते आणि ती फेकवत नाही. कमल देसाईंची 'काळा सूर्य' ही कथा ज्युलिया क्रिस्तेवाच्या त्याच नावाच्या विषादावरील ग्रंथाच्या आधीची आहे. दोघींनी एकमेकींचे काही वाचल्याचा प्रश्नच नव्हता.

या सगळ्यावर एक जबर आक्षेप आहे. जग सोडायला आधी जग हातात असावे लागते. चक्रवर्तीपद नाकारणाऱ्या बाहुबलीचे शिल्प उभे राहते. गावकुसाबाहेर जन्मलेल्याने काय नाकारायचे? बाबुराव बागुलांचा 'मरण स्वस्त होत आहे' आणि ढसाळांचा 'गोलपिठा' वाचल्यावर मध्यमवर्गीय उदासी लाडावलेली वाटू शकते. मी हा आक्षेप बाजूला सारलेला नाही, संग्रहाच्या मध्यावर ठेवला आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये शिकलेला दया आणि मागचा दगडू समोरासमोर बसतात, तेव्हा थकव्याला एक वेगळाच स्वर येतो. तिथला हिशेब समाजाने चुकवायचा आहे आणि तो कोणी चुकवत नाही. विरक्तीची वाट इथे बंद आहे, म्हणूनच या लेखनाशिवाय विषय अर्धा राहतो.

आज हा संग्रह का, याचे उत्तर आसपास आहे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (2002) ज्या शेतकरी घराची घुसमट आली तिच्या बातम्या विदर्भ-मराठवाड्यातून अजून येतात. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले म्हातारे जोडपे आता प्रत्येक सोसायटीत राहते. डिप्रेशन हा शब्द शाळकरी मुलांच्या बोलण्यात आला आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देऊ पाहणाऱ्याला गुन्हेगार न मानता मदतीचा हक्कदार मानले. हे चांगले झाले. आजाराला डॉक्टर हवा, कविता हे औषध नाही, आणि या पुस्तकाचा तसा दावाही नाही. पण प्रत्येक खिन्नता आजार ठरवून मोकळे होण्याची घाईही नको. ज्याला झोप येत नाही त्याला गोळीबरोबर हेही कळलेले बरे, की देहूच्या एका वाण्यालाही झोप येत नव्हती आणि त्याने तेव्हा कोणाशी भांडण काढले.

निवडीबद्दल थोडे. लेखन कालक्रमाने लावलेले नाही. ज्याच्याशी बोलणे चालू आहे त्यानुसार गट केले आहेत : देव, भाऊबहीण, जोडीदार, गाव, आणि ज्यात समोर कोणीच नाही असा शेवटचा गट. त्यामुळे निवृत्तिनाथांचा शोक आणि पांडुरंगचा शोक शेजारी आले आहेत. नाटकातून फार घेता आले नाही. एलकुंचवारांच्या नाटकातल्या वाड्याचे तुकडे काढले की तो वाडा राहत नाही. गोव्याच्या कवितेला स्वतंत्र पुस्तक हवे. आणि लेखकांच्या मृत्यूच्या हकिगती टिपांतून मुद्दाम गाळल्या आहेत. बालकवी 1918 मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, त्यावर शंभर वर्षे तर्क चालले आहेत आणि त्या तर्कांनी त्यांची कविता वाचणे अवघड करून ठेवले आहे. 'पारवा' वाचायला ते स्टेशन लागत नाही.

ग्रेस आणि जी.ए. शेवटच्या गटात आहेत. नव्या वाचकाने तिथून सुरुवात करू नये, ओव्यांपासून करावी. जात्यावरच्या बायकांनी लांबलचक सांगितलेले नाही, आणि पुढच्या पाचशे पानांत जे येणार आहे त्यातले बरेचसे त्यांना आधीच ठाऊक होते.